द्राक्षमांडवाची उंची

नाशिककर पूर मीटरमध्ये मोजत नाहीत, मारुतीच्या अंगावर मोजतात. गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की लोक सहज बघायला जातात, कमरेला लागलं की काठचे दुकानदार माल वर चढवतात, आणि छातीला लागलं की बघ्यांना पोलीस हाकलतात. संगणकाला मात्र मारुतीची कंबर कळत नाही. त्यामुळे दोन हजारनंतरच्या वर्षांत, पूरक्षेत्राचे नकाशे करण्याच्या नोकरीत असताना, आम्ही एका दुपारी त्याचे गुडघे, कंबर, छाती, गळा सगळं मोजून घेतलं. तिथल्या फुलवालीनं विचारलं, "देवाला शर्ट शिवताय का?"

"हो मावशी, पावसाळ्याआधी द्यायचाय," मी म्हटलं.

आमचे सर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावाने तिरसट. धरणातून सोडलेलं पाणी, नदीचं पात्र आणि काठच्या जमिनीची उंची संगणकात भरली की पाणी कुठवर पसरेल ते निळ्या रंगात दिसे. मग जुन्या रहिवाशांना विचारायचं, मारुतीच्या गळ्याशी पाणी होतं तेव्हा तुमच्याकडे कुठवर आलं होतं? ते ओट्याची पायरी दाखवत. आमचा निळा रंगही त्याच पायरीशी थांबला की मला अगदी परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं.

त्याच सुमारास दादाने शहराबाहेर नदीकाठी प्लॉट घेतला. दादा अंबडच्या कारखान्यात फिटर. सगळी बचत त्यात घातलेली, पायाचे खड्डेही खणून झालेले. नकाशात त्याचा प्लॉट कोरडा निघाला. सगळीकडे निळं आणि मध्ये पांढराशुभ्र चौकोन. मी खुशीत तो सरांना दाखवला.

"हा तुकडा चौकोनी कसा?" सर म्हणाले. "नदी काय पट्टी लावून जमीन घडवते?"

"सर, डेटा तसाच आलाय."

"डेटा आला. तू जाऊन आलीस का?"

मनातल्या मनात त्यांना बरंच काही ऐकवून दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी जमिनीचा चढउतार मोजायची दुर्बीण, म्हणजे लेव्हल लावली, मी उंच मोजपट्टी धरून उन्हात फिरले. चौकोनाच्या कडेला जमीन चांगली पुरुषभर चढायला हवी होती. ती चढेचना. शेजारच्या मळ्यातला शेतकरी बांधावर येऊन उभा राहिला.

"काय मोजताय ताई? हितं आमचा बाग होता द्राक्षाचा. लय वर्षं होता. प्लॉट पाडायला तोडला."

सरांनी कपाळावर हात मारला. जमिनीची उंची विमानातून काढलेल्या फोटोंवरून धरली होती, आणि ते फोटो बाग उभा असतानाचे होते. वरून मांडवावरची दाट पानंच जमीन म्हणून मोजली गेली होती. दादाचं घर द्राक्षाच्या पानांवर कोरडं राहणार होतं.

दादाला सांगितलं तर तो भडकला. "खड्डे खणल्यावर सांगतेस? आणि इतकी वर्षं कुठं आलंय तिथं पाणी?" जागा बदलणं त्याला शक्य नव्हतं. शेवटी सर स्वतः त्याच्या भाड्याच्या खोलीवर आले. नकाशा त्यांनी उघडलाच नाही. खडू मागितला आणि दारावर आडवी रेघ ओढली. "मोठ्या पुरात घरात एवढं पाणी."

वहिनीने चार वर्षांच्या पोरीला दारापाशी उभं केलं. रेघ तिच्या डोक्यावरून गेली. दादाने पोरीला उचलून कडेवर घेतलं. घर खांबांवर उचलायचं ठरलं, त्या खर्चात एक खोली कमी झाली.

नंतर एका पावसाळ्यात मारुती डोक्यासकट बुडाला. दादाचा फोन आला तेव्हा घराखाली खांबांमधून पाणी वाहत होतं, आणि वर शेजारची दोन कुटुंबं वहिनीच्या हातचा चहा पीत बसली होती. पोरगी मांडीवर झोपलीय, असं त्याने दोनदा सांगितलं.

पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे सरांकडे गेलो. आजही कुणी कुणाला देवमाणूस म्हटलं की मला तो तिरसट चेहराच आठवतो. दादा पाया पडायला वाकला, तर सर दोन पावलं मागे सरकले.

"ते राहू दे. खांबांवरची चिखलाची खूण धुतली नाही ना? मला मोजायला यायचंय."

वहिनी म्हणाली, "या ना सर. जेवायलाच या."