गणिताच्या सरांनी मला ओळखलं!

मंडळी, अजून छाती धडधडतेय! या पानावर मी शिकवते त्या शाळेबद्दल नाव लपवून लिहिते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आज पकडली गेले!

मधल्या सुट्टीत हिंदीच्या मॅडमनी स्टाफरूममध्ये माझीच परवाची पोस्ट मोबाइलवरून मोठ्याने वाचली. खडूस गणिताच्या सरांवरची! "नागपूरकडची शाळा दिसते," त्या म्हणाल्या आणि सगळे पोट धरून हसले. आमचे गणिताचे सर मात्र डबा बंद करून उठून गेले.

शाळा सुटल्यावर मी आर्वीच्या बसची वाट पाहत होते. सर शेजारी येऊन उभे राहिले.

"मॅडम, ते तुमीच लिवता ना?"

"काऊन सर? मीच कशावरून?"

"सुट्टीनंतर मी कच्च्या पोरींले थांबवून शिकवतो, असं त्यात लिवलं हाय. हे तुमच्याच वर्गाच्या खिडकीतून दिसते."

आता खोटं काय बोलणार? मी कबूल केलं, खडूस म्हटल्याबद्दल माफीही मागितली.

"माफी कायची? खडूस त मी आहोच. पण ते शिकवणं आजवर कोणाले दिसलं नाई. आत्ता माह्या पोरीले वाचाले पाठवलं. ती म्हणे, बाबा, हे त तुमीच!" आणि सर चक्क हसले! "मी कोणाले सांगत नाई. लिवत राहा."

पण मलाच आता लपायचं नाही. हिंदीच्या मॅडम, हे तुम्ही उद्या मोठ्याने वाचणार, मला माहीत आहे. खुशाल वाचा!

मंडळी, उद्या स्टाफरूममध्ये मी कोणतं तोंड घेऊन जाऊ, तेवढं सांगा.