ड्यूकनं नाव सांगितलं नाही

नव्वदच्या दशकात मी घोडेगावच्या कॉलेजात तासिकेवर इतिहास शिकवायला लागले आणि शिनोलीत खोली घेतली. ओळखीचं कुणी नव्हतं. घरमालकीण विधवा, मूलबाळ नाही. त्यांना मी मावशी म्हणायचे. संध्याकाळी मी उद्याचा धडा मोठ्यानं वाचायचे, मावशी पडवीत तांदूळ निवडत ऐकायच्या.

एकदा मध्ययुगातल्या फ्रान्सचा धडा होता.

"डची म्हंजी काय गं?" त्यांनी विचारलं.

"मोठी जहागीरच. तिथला ड्यूक निपुत्रिक मेला. जहागीर पुतणीला की सावत्र भावाला, हे त्यानं शेवटपर्यंत नीट सांगितलं नाही. मग वीसेक वर्षं लढाई चालली."

मावशींचे हात थांबले. "गावं जळली असतील."

"जळली. पुतणीचा नवरा मारला गेला. जहागीर सावत्र भावाच्या मुलाला मिळाली."

मावशींकडेही दोघं यायचे. सावत्र दीर नारायणगावहून द्राक्षं आणायचा. बहिणीचा मुलगा मोटारसायकलवर गॅसची टाकी बांधून यायचा. दोघं एकमेकांना टाळून येत. भाताची खाचरं कुणाला, घर कुणाला, हे मावशींनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

दिवाळीनंतर त्यांनी दोघांना एकाच दिवशी जेवायला बोलावलं. "मी हाय तवर करून टाकते. मागं भांडणं नगंत," त्या म्हणाल्या. खाचरं दिराला, घर भाच्याला. पुढच्याच आठवड्यात तालुक्याला जाऊन दोघांच्या नावावर कागदही करून दिले. जेवायला आले त्या दिवशी दोघांनी एकमेकांना पुरणपोळीचा आग्रह केला होता. माझा इतिहास कुणाच्या तरी कामी आला, म्हणून मी मनातून खूश होते.

संक्रांतीला दीर आला नाही. गॅस संपला तेव्हा भाच्यानं निरोप धाडला, "पावणं आल्यात, जमायचं न्हाई." टाकी मीच जीपमधून आणली. नंतर कुणीच फिरकलं नाही. भांडण मात्र कुणाचंच नव्हतं.

एका संध्याकाळी मी वाचायला बसले, तर मावशी म्हणाल्या, "त्या तुझ्या ड्यूकनं नाव का न्हाई सांगितलं, ठावं हाय?"

"का?"

"दोगंबी येत ऱ्हावीत म्हणून."

पुस्तक मिटून मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

पुढे मला दुसरीकडे कायमची नोकरी लागली. निघताना म्हटलं, "मावशी, खोलीला चांगली भाडेकरू बघा. सोबत होईल."

"घर आता त्याचं हाय," त्या म्हणाल्या. "त्याला इचारावं लागंल."