उंदरांचं सुतक पाळणारे भाऊजी

उंदराच्या मरणाचं सुतक पाळणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच झाला असेल, आणि तो माझा सख्खा धाकटा दीर होता. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. भाऊजी कारंजाच्या शाळेत शास्त्र शिकवत. नागपूरहून शिकून आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक पितळी सूक्ष्मदर्शक आला, आणि वेताच्या पेटाऱ्यातून सहा पांढरे उंदीर, माद्यांना आपसूक गाठी होणाऱ्या जातीचे. ज्या गावात धान्याच्या वखारीपायी लोक उंदरांच्या जिवावर उठलेले, तिथे आमच्या मागच्या खोलीत त्यांची बाळंतपणं होऊ लागली. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणत, "लोक उंदरांले सापळे लावतात, आन् ह्या पोरानं पाळणे बांधले!"

घरातल्या पुतण्यांची नावं भाऊजींना धड सांगता येत नसत. पण कोणती उंदरी कोणाची लेक, तिची आजी कोण, पणजीला गाठ कितव्या महिन्यात आली, हे तोंडपाठ. वंशावळ नुसती बायकांची. उंदीर आपणहून मेल्याशिवाय कापायचा नाही, हा त्यांचा नेम. शेजारच्या जैन काकूंना तसा शब्दच दिला होता. त्यामुळे संशोधन उंदरांच्या आयुष्याच्या चालीनं चाले. एखादी गेली की भाऊजी त्या वेळचं जेवत नसत. मग दाढीच्या वस्तऱ्यानं तिच्या गाठीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढत. एकदा तोच वस्तरा घेऊन आमचे हे दाढीला बसले. खरं कळल्यावर महिनाभर दाढी वाढवून हिंडले.

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, जवारीच्या कणसात काणीचा रोग पह्यले एकाच दाण्यात धरते. तसं शरीरात पह्यली एकच पेशी बिघडत असंल. दूध वाह्यते त्या नळीच्या अस्तरातली. मले ते एक पेशी पाहाची आहे."

त्यांची थोरली बहीण स्तनाच्या गाठीनं गेली होती. तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलं. लाजेपायी दोन वर्षं तिनं पदराआड दुखणं लपवलं, आणि कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. भाऊजींनी हे मला कधी सांगितलं नाही, सासूबाईंनी सांगितलं.

एवढं ठाऊक असूनही, न्हाताना माझ्या हाताला गाठ लागली तेव्हा मीही तेच केलं. दोन महिने गप्प राहिले. एका दुपारी भाऊजी काप काढत बसले होते. मी दारात उभी राहून सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाऊजी, ह्या उंदरीले गाठ दुखत असंल का हो?"

"सुरवातीले नाही दुखत, वहिनी. तिथंच तर घात होते."

मी तशीच उभी. त्यांनी मान वर करून पाहिलं, वस्तरा खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "किती दिवस झाले?"

मला रडूच फुटलं.

चौथ्या दिवशी मी नागपूरच्या दवाखान्यात होते. गाठ काढली. डॉक्टरांच्या हातापाया पडून भाऊजींनी तिचा तुकडा स्पिरिटच्या बाटलीत मागून आणला. घरी त्याचे काप काढले खरे, पण पहिल्या दिवशी त्यांना काचेतून काही दिसेना. सारखे भिंग पुसत होते. भिंग स्वच्छच होतं.

"सापडली का पह्यली पेशी?" मी विचारलं.

"नाही. मी पोचतो तवा तिच्या हजार लेकी झालेल्या असतात." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण ह्या डावाले आपण फार उशिरा नाही पोचलो."

पुढे ही गोष्ट बायकांत पसरली आणि रिसोड-केनवडपासून कोणी ना कोणी येऊ लागली. पुरुषाला सांगायची लाज. म्हणून त्या माझ्याजवळ स्वयंपाकघरात बसत आणि भाऊजी बाहेर ओसरीवर, रस्त्याकडे तोंड करून. तिथूनच विचारत, "गाठ सरकते का, वहिनी? का चिकटून बसली?" मी चाचपून सांगे. शंका वाटली तर ते नागपूरच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहीत. काही जणी चिठ्ठी घेऊन नागपूरला गेल्या, काही गेल्याच नाहीत. गेलेल्यांतल्या काही परत आल्या.

पहिली पेशी शेवटपर्यंत सापडली नाही. चाळिशी उलटता उलटता तापानं भाऊजी गेले. तेराव्याला केनवडची एक म्हातारी आली. ती नागपूरहून बरी होऊन आलेल्यांतली. भिंतीजवळ ठेवलेल्या फोटोपुढे कितीतरी वेळ उभी राहिली. मग मला विचारलं, "बाई, हेच का ते?"

मी म्हटलं, "हो, हेच."

डोळ्यांना पदर लावत ती म्हणाली, "मले कसं वळखू येईन? म्या त त्याइची पाठच पाह्यली होती."