बाबा काच धरायचे

काल मंगळवार. ऑफिसला सुट्टी टाकून सकाळी चिंचवडला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो.

काही महिन्यांपासून संध्याकाळी पार्किंगमध्ये बाजूच्या गाड्यांना धडकतोय... बाबांचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी त्यांना समोरचं ताट दिसायचं, शेजारचा तांब्या दिसायचा नाही. दिवाळीनंतर बाबा गेले.

ते भोसरीत वेल्डर होते. डोळे वेल्डिंगनं गेले, हे आमच्या घरात ठरलेलंच होतं. वेल्डिंग करताना तोंडापुढे काळी काच धरतात, ती हे धरत नसणार, असं आई येताजाता म्हणायची. बाबांचं उत्तर एकच. "धरत होतो गं." ते कुणाला खरं वाटायचं नाही. मोठ्या दवाखान्यात ते कधी गेलेच नाहीत.

डोळ्यांत थेंब घातल्यावर बसवेना. मोबाईल दिसत नव्हता. उठून कूलरपर्यंत जायचो, परत यायचो... शेजारच्या खुर्चीवरच्या मावशी म्हणाल्या, "बस की रे बाबा, तुझ्यामुळं मला गरगरायला लागलंय." बसलो, पण पाय हलतच राहिला.

मग डोळ्यांच्या आतल्या पडद्याचे फोटो काढले. हनुवटी टेकवून हिरव्या खुणेकडे बघायचं. टेक्निशियन सारखी सांगत होती, डोळा स्थिर ठेवा. ठेवतच होतो...

डॉक्टर मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. नारिंगी गोल, आणि कडेला शाई शिंपडल्यासारखे काळे डाग. मधला भाग अजून चांगला आहे, म्हणाल्या. हा आजार कडेकडून हळूहळू आत येतो, किती वेगानं ते पुढचे फोटो ताडून कळेल. थांबवणारं औषध सध्या नाही. घरात कुणाला होता का, असं विचारल्यावर मी बाबांचं आणि वेल्डिंगचं सांगितलं.

"वेल्डिंगचा मार मधोमध दिसतो. तुम्ही वडिलांचं सांगताय ते कडेनं गेलेलं आहे, तुमच्यासारखंच. हे आनुवंशिक असतं. तुम्ही कुठं वेल्डिंग केलंय?"

मी माणच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. वेल्डिंगच्या होल्डरला बाबांनी मला कधी हात लावू दिला नाही.

रिक्षानं घरी आलो. आईला दोन्ही गोष्टी सांगितल्या. माझ्या डोळ्यांचं ऐकून ती माझा हात धरून बसली. काचेचं ऐकल्यावर तिनं हात सोडला.

"म्हणजे धरत होते ते," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन पडली.

तपासून घे म्हणून मागे लागलेल्या ऑफिसमधल्या मित्राचे आभार. बाबा असते तर त्यांना तो फोटो दाखवला असता... कडेचे डाग त्यांना दिसले नसते म्हणा. पण सांगता तरी आलं असतं.

आईला दोनदा हाक मारली, ती उठली नाही. भाजी गरम केली नाही. ताट वाढून घेतलं आणि ओट्यापाशी उभ्यानंच जेवलो.