पेटीवरचा पाय

"पाय काढ."

तात्या मोठ्याने बोलले नाहीत. देवळात ते कधीच मोठ्याने बोलत नाहीत. ते आमच्या गावच्या मंडळाचे अध्यक्ष आणि पप्पांचे चुलतभाऊ. गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. सप्त्याचा तिसरा दिवस होता. भर दुपार. पेटी वाजवणारे आजोबा जेवायला गेले होते, सभामंडपात भजनाला बसलेल्या बायका होत्या आणि चार म्हातारे. मी बारा वर्षांची होते. मी पेटीपुढे बसून वाजवत होते.

"पाय काढ गो पेटीवरचा. कानात बोळे घातलेत काय?"

मी पाय काढला. माझ्या उजव्या हाताचं बोट अजून पट्टीवर होतं. पेटीत उरलेल्या हवेवर तो सूर थोडा वेळ वाजत राहिला, बारीक होत गेला आणि थांबला. मला तो थांबल्याचं ऐकू आलं. बाकी कुणाला आलं नसेल.

माझा डावा हात जन्मापासून नाही. खांद्याखाली चार बोटांएवढा आहे, तिथे संपतो. पेटीला मागच्या बाजूला भाता असतो. डाव्या हाताने भाता हलवून हवा भरायची आणि उजव्या हाताने सूर वाजवायचे. माझ्याकडे उजवा हात आहे आणि दोन पाय आहेत. मी पेटीच्या कडेने डावा पाय पुढे टाकते, तळवा भात्यावर ठेवते आणि हवा भरते.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पप्पा बिरवाडीला कंपनीत ऑपरेटर. आम्ही तिथेच भाड्याने राहायचो. शेजारच्या खोल्यांतल्या कामगारांचं भजनी मंडळ होतं आणि त्यांची पेटी आमच्या ओटीवर ठेवलेली असायची. शाळेतून आल्यावर मी ती उघडायचे. त्यांच्यातल्या एकाने मला पायाने वाजवताना पाहिलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पाय धुतलास ना? मग वाजव." ती माणसं कुठकुठून आलेली होती. त्यांना माझ्या घराण्याचं काही पडलेलं नव्हतं.

गावाला पडलेलं होतं. तात्यांनी गोमूत्र मागवून शिंपडलं. पेटी पुसली, तिला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली. मग ते आईकडे बघून म्हणाले, "पोरीला नमस्कार करू द्या. माफी मागू दे. सरस्वती हाय ती." आईने माझ्या मानेवर हात ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला. मी गुडघ्यावर बसून पेटीला कपाळ टेकलं आणि म्हणाले, "चुकलं."

"शाणी पोर हाय," कुणीतरी म्हणालं.

एका काकूला माझी दया आली. ती म्हणाली, "हिला टाळ द्या गो. बसून वाजवील तरी." खांबाला टेकलेला एक म्हातारा लगेच म्हणाला, "एका हातानं टाळ? दुसरा काय कपाळावर मारील?" सगळे हसले. ती काकूसुद्धा हसली. आई हसली नाही, पण ती म्हाताऱ्याला काही बोललीही नाही. मी भिंतीपाशी जाऊन बसले. भजनाला टाळी धरायची असते. मी मांडीवर धरली.

महाडच्या माझ्या इंग्रजी शाळेत असं कुणी हसायचं नाही. तिथले लोक सभ्य होते. गॅदरिंगच्या समूहगानात मला मागच्या रांगेत उभं केलं आणि ड्रेसच्या डाव्या बाहीत कापूस भरून टोकाला पांढरा हातमोजा शिवला. "फोटोत छान दिसेल, बेटा," टीचर म्हणाल्या. मी "थँक यू, मिस" म्हणाले. त्या शाळेत मी सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य तेच असेल. फोटोत खरंच छान दिसतं. माझा हात एखाद्या बाहुलीचा असावा तसा दिसतो. तो फोटो घरी टीव्हीच्या वर बरीच वर्षं होता.

देवळातल्या त्या दुपारनंतर वर्षभर मी पेटीला हात लावला नाही. पायही नाही.

मग बाळूकाका भेटले. महाडच्या बाजारात त्यांचं पेटीदुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. बिरवाडीच्या मंडळाची पेटी फुटली म्हणून पप्पा ती घेऊन गेले आणि मी सोबत होते. काकांचा एक पाय लहानपणी पोलिओने गेलेला, काखेत कुबडी. चाळीस वर्षं ते दोन तालुक्यांत कीर्तनाला साथ करत होते. ज्या वाड्यांना रस्ता नव्हता तिथे लोक त्यांना डोलीत बसवून वर न्यायचे. दुकानात लोक पेटीपेक्षा त्यांची तारीख मागायला जास्त यायचे.

पेटी तपासून काकांनी पप्पांना विचारलं, "भात्याची कड इथं झिजलीय. हातानं नाय झिजत अशी. कोण वाजवतं?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. काकांनी माझ्या बाहीकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे.

"वाजव."

"पाय लावायचा नसतो," मी म्हणाले.

काका हसले नाहीत. कुबडी टेकत ते कोपऱ्यात गेले आणि एका उंच पेटीवरचं गोणपाट काढलं. टेबलाएवढी पेटी. खाली लाकडी पायटे, एकाला एक लागून दोन. पायट्यांवरचं कातडं झिजून खालचे खिळे चमकत होते.

"ही पायपेटी. नाटक कंपनीची. खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी हवा भरायची नि दोन्ही हातांनी वाजवायची. मोठमोठे मास्तर वाजवायचे. पायात बूट घालून. बघ, टाचेचे वळ हायत."

मी खाली बसून बघितले. होते.

"मग गोमूत्र?" मी विचारलं.

"कशाला?" काकांना खरंच कळलं नाही. मला त्यांना सगळं सांगावं लागलं. मी एवढं सलग आयुष्यात पहिल्यांदा बोलले असेन. त्यांनी ऐकून घेतलं, पायपेटीवर गोणपाट परत टाकलं आणि म्हणाले, "मास्तराचा पाय चालतो. तुझा चालत नाय. सरस्वतीला पायाचा राग असता तर ही पेटी जन्मालाच आली नसती."

बाजारातल्या त्या गर्दीत, तेलाच्या आणि पॉलिशच्या वासात, मला पहिल्यांदा राग आला. तोपर्यंत मला फक्त लाज वाटायची. मला वाटायचं, नियम सगळ्यांसाठी असतो आणि मी तो मोडला. तो नियम नव्हताच. तात्यांना माझा हात नसणं बघवत नव्हतं. पाय पेटीवर आला की ते सगळ्यांना दिसत होतं. शाळेने त्याच्यावर हातमोजा शिवला, गावाने गोमूत्र शिंपडलं.

मी काकांकडे नऊ वर्षं शिकले. सुरुवातीला माझी पेटी सरकायची, म्हणून काकांनी खाली रबराचा तुकडा टाकला. पोटरीत गोळे यायचे. पायाने हवा भरताना कीर्तनकाराचा दम ओळखावा लागतो. तो चढला की भाता भरायचा, तो थांबला की सूर धरून ठेवायचा. मला पुष्कळ लोकांनी सांगितलं, कीबोर्ड घे, विजेवर चालतो, पायाची भानगड नको. माझ्याकडे कीबोर्ड आहे. तो चांगला आहे. पण त्याला दम लागत नाही. गाणाऱ्याला दम लागतो तेव्हा मला माझ्या पायाखाली कळायला हवं.

एकदा एक गिऱ्हाईक आम्हा दोघांना बघून म्हणालं, "झकास हाय. हिचे पाय, तुमचे हात. मिळून एक धड माणूस." काका पेटीत डोकं घालून होते. तसेच म्हणाले, "दोन माणसं हायत इथं. मोजता येतात ना?"

काका आता नाहीत. दुकान बंद झालं. पायपेटी माझ्याकडे आहे.

आज मी याच कामावर जगते. महाडमध्ये माझा क्लास आहे. कीर्तनांच्या पत्रिकांवर माझं नाव साथीला छापतात. महिन्यातून दोनदा वीर स्टेशनवर गाडी पकडून मुंबईला रेकॉर्डिंगला जाते. स्टुडिओत कुणाला माझा पाय दिसत नाही, फक्त सूर जातो. बाहेरच्या गावांत पहिली दहा मिनिटं लोक बघतात, कुजबुजतात. मग महाराज अभंग लावतात आणि लोक विसरतात. माझं गाव मात्र मला बोलवत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी बोलवावं लागलं. काल्याच्या कीर्तनाला ज्या महाराजांना ठरवलं होतं ते मला साथीला घेऊनच फिरतात. सकाळी दहाचं कीर्तन. मी साडेआठलाच पोचले. तात्या अजून अध्यक्ष होते. केस पांढरे झालेले. ते माझ्याकडे आले नाहीत, आईकडे गेले. मी सभामंडपाच्या पायरीवर बसून ऐकत होते.

"वहिनी, मुंबईची माणसं आलीत. मोबाईलवर शूटिंग हाय. पोरगी वाजवते चांगलं, आम्ही नाय म्हणत नाय. फक्त पाय झाकून घ्यायला सांगा."

आई माझ्याकडे आली. "शाल टाकू का गो मांडीवरून? एवढंच तर म्हणतायत." मग हळूच म्हणाली, "पप्पांना भावकीत राहायचंय."

पप्पा मंडपाच्या कडेला खुर्च्या लावत होते. लावलेल्याच खुर्च्या पुन्हा लावत होते.

मी महाराजांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, गाव तुमचं. तुम्ही बघा. मला फक्त सूर लागतो." तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, बरं झालं, ठरवायचं माझ्यावरच राहिलं.

मी आईला काहीच उत्तर दिलं नाही. मला पटकन उत्तरं देता येत नाहीत. आईला वाटलं मी हो म्हणाले. तात्यांनाही तसंच वाटलं.

कीर्तनाआधी सत्कार झाला. तात्यांनी माईक घेतला. "आमच्या गावची कन्या. दिव्यांग असूनसुद्धा..." पुढचं मी ऐकलं नाही, ते वाक्य मला पाठ आहे. टाळ्या झाल्या. नारळ दिला. मग त्यांनी शाल उलगडली. मी पेटीपुढे बसलेले होते, पाय भात्यावर होता. त्यांनी शाल माझ्या डाव्या खांद्यावरून टाकली, ती खाली ओढली आणि वाकून तिचं टोक माझ्या पायावर, भात्यावर नीट पसरलं. बाहीपासून अंगठ्यापर्यंत मी झाकली गेले. फोन वर झाले होते. तात्या फोटोसाठी हसत होते आणि हसता हसताच माझ्या कानाशी म्हणाले, "असू दे अशीच. काढू नको."

मी भाता हलवून बघितला. शालीची झालर भात्याच्या घडीत अडकली. हवा भरेना.

मी बोट पट्टीवरून उचललं. शाल खांद्यावरून काढली. एका हाताने शाल घडी करायला वेळ लागतो. हनुवटीखाली धरायची, मग मांडीवर दुमडायची, मग पुन्हा. मी चार घड्या केल्या. तात्या तिथेच उभे होते. मी शाल त्यांच्यापुढे धरली.

"ही पाय झाकायला असेल तर परत घ्या."

त्यांनी घेतली नाही. आजूबाजूला बघितलं, आणि तेव्हा सवयीने त्यांच्या तोंडून तेच आलं. "पाय काढ."

"नाही काढणार," मी म्हणाले. माझा आवाज थरथरत होता. माईक चालू होता, त्यामुळे तो थरथरणारा आवाज सगळ्या मंडपात गेला, शूटिंगमध्येही आला. "पाय काढला तर पेटी बंद. कीर्तन पेटीशिवाय करायचं असेल तर आत्ता सांगा, मी उठते."

शाल मी पेटीच्या बाजूला जमिनीवर ठेवली. मागून कुणीतरी म्हणालं, "लय झालं हिचं." दुसरं कुणीतरी म्हणालं, "महाराज, सुरू करा." महाराज वीणेकरी बुवांकडे बघत होते. मी कुणाची वाट बघितली नाही. तळवा भात्यावर ठेवला आणि षड्ज लावला. पखवाजवाल्याने तो ऐकून आपला पखवाज सुरात लावायला घेतला. कीर्तन दोन तास चाललं. माझा पाय दोन तास सगळ्यांना दिसला.

ते गाव नंतर बदललं वगैरे काही नाही. जेवणाच्या पंगतीत आमच्या शेजारची जागा रिकामी राहिली. पुढच्या वर्षी दुसरे महाराज ठरवले आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. पप्पांना मंडळाच्या मीटिंगचा निरोप येत नाही. त्यांनी मला त्याबद्दल एक शब्द विचारलेला नाही, आणि आईने तो शाळेचा फोटो टीव्हीवरून काढला. का काढला, ते मी विचारलं नाही.

मी वाजवायच्या आधी पेटीला नमस्कार करते. उजव्या हाताने, रोज. तो माझा आणि तिचा. पण बाराव्या वर्षी त्या सभामंडपात कपाळ टेकून मी जे "चुकलं" म्हणाले होते, ते मी परत घेते. माझं काही चुकलं नव्हतं.

आता कुठूनही बोलावणं आलं की तारखेआधी मी स्वतःच सांगते. मी पायाने वाजवते. पाय उघडा असतो. त्यावर काही टाकायचं नाही. चालत असेल तर तारीख सांगा.