सर्व्हे नंबर धरून सापडलेली पणजी

मंडळी, आज चौथ्यांदा धुळ्याहून साक्रीला जाऊन आलो. नाकातून अजून जुन्या दप्तरांची धूळ जात नाही.

आपल्या ई-मेल गटासाठी वंशावळ करायचं मीच कबूल केलं होतं. पणजोबांनी जंगल तोडून गावात जमीन केली, असं आपण सगळे सांगतो. पण जमिनीच्या जुन्या नोंदींत आपलं आडनावच सापडत नव्हतं.

शेवटी रेकॉर्ड सांभाळणारे नाना वैतागले. “आडनाव सोडा भाऊ, सर्व्हे नंबर धरून मागे चला.”

तासाभरात नोंद मिळाली. जमीन रखमाबाईच्या, म्हणजे आपल्या पणजीच्या, वडिलांची. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून ती मुलीच्या नावावर झाली. पणजोबा त्यानंतर आले, तिचे पती म्हणून. घरजावई.

वडिलांना, म्हणजे आबांना, हे कसं सांगायचं, याचाच विचार एसटीत करत होतो. घरी आबांनी सगळं ऐकलं आणि सुपारी कातरत राहिले.

“बठ्ठासले मालूम शे,” ते म्हणाले. “कोनी बोलत नही.”

“सगळ्यांना माहीत आहे, मग मला चार वेळा कशाला जाऊ दिलंत?”

“तू माले कधी इचारं?”

 

दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरताना आपण पणजोबांचं नाव घेतो. जेवतो मात्र रखमाबाईच्या शेतातलं. खरं सांगा, हे वाचण्याआधी तुमच्यापैकी कोणाला तिचं नाव माहीत होतं?