तीन पाठकोरे कागद

गुरुदासकाका परुळेकरांनी उभ्या आयुष्यात एक कागद फुकट घालवला नाही. मालवणच्या बाजारात त्यांचं टायपिंगचं आणि छपाईचं दुकान. बिघडलेली प्रिंट, जुनं पत्रक, चुकलेला अर्ज, ज्याची म्हणून एक बाजू कोरी राहिली असेल तो कागद ते लोखंडी क्लिपमध्ये अडकवून ठेवायचे. घरची बाजाराची यादी, गॅसचा नंबर, भजनाचे अभंग, सगळं त्या पाठकोऱ्या कागदांवर. एकदा मी त्यांच्या बायकोकडे, किशोरीकाकींकडे, तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याची कृती मागितली, तर ती मला कुणा अनोळखी माणसाच्या बाराव्या-तेराव्याच्या पत्रिकेच्या पाठीवर मिळाली. मी कुरकुरले, तेव्हा काका म्हणाले की मागची बाजू वाचायची तुला गरजच काय.

मी समीक्षा. कणकवलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते आणि जिल्हाभर हिंडून लोकांची नेटवर्कं जोडून देते. माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. अर्धवट काम करणाऱ्यांवर मी फार तोंड सोडते. ही गोष्ट मात्र माझ्याच एका अर्धवट कामाची आहे.

काका टाइप करायचे आणि काकी प्रूफ वाचायच्या. सत्तावीस वर्षं हाच शिरस्ता. काकींनी पाहिल्याशिवाय दुकानातून लग्नपत्रिका बाहेर गेली नाही, की दशावताराचं हँडबिल गेलं नाही. दोघांना मूलबाळ नव्हतं. कागदावरून भांडण मात्र रोजचं. काकी नुसते काना-मात्रा बघत नसत, त्या मजकूर खरा की खोटा तेही बघत. उत्तरकार्याच्या पत्रिकेत 'अल्पशा आजाराने' असं छापायची पद्धत आहे. काकी समोर बसलेल्या माणसाला सरळ विचारायच्या, किती दिवस आजारी होते? समोरचा म्हणाला दोन वर्षं, की यांची लाल पेन्सिल 'अल्पशा'वरून फिरलीच. काका चिडायचे. लोकांना हवं ते छापून द्यावं, असं त्यांचं म्हणणं.

"दोन वर्सां माणूस खाटेर होतो," काकी म्हणायच्या, "आणि तेंचा दुखणा अल्पशा?"

दुकान रस्त्याला लागून आणि घर मागे, मध्ये खळं, म्हणजे शेणानं सारवलेलं अंगण. तीस पावलांचं अंतर. गेल्या वर्षी चैत्रात काकींचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि त्यांना तीस पावलंही जड झाली. मग काका प्रत्येक प्रूफ घेऊन घरात जाऊ लागले. दिवसाला वीस-वीस खेपा. गिऱ्हाईक उभं, दुकान उघडं आणि मालक खळ्यात. शेवटी त्यांनी मला फोन केला, की कागद आपल्या पायांनी घरात जाईल असं काहीतरी कर.

काही अवघड नव्हतं. दुकानात एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन प्रिंटर होते, त्यातला जुना काकींच्या खाटेजवळ नेला. त्याला वायफाय नव्हतं, म्हणून प्रिंट सर्व्हर आणला. हाताच्या पंजाएवढी एक डबी असते. प्रिंटरची वायर तिच्यात घालायची, डबी वायफायवर जोडायची, मग दुकानातल्या कॉम्प्युटरवरून दिलेलं काम हवेतून घरातल्या प्रिंटरवर निघतं. आधी डबी वायरने राउटरला लावून तिच्यात वायफायचं नाव आणि पासवर्ड भरला. दिवे गेले-आले की डबीचा पत्ता बदलू नये, म्हणून तो कायमचा ठरवून टाकला. मालवणात दिवे जातात-येतातच. पण वायर काढून डबी काकींच्या खोलीत नेली, तर सिग्नल मिळेना. चिऱ्याच्या भिंती त्या, दीड हात जाड. मग राउटर दुकानाच्या मागच्या खिडकीत टांगला, डबी काकींच्या खिडकीत ठेवली, दोघांच्या मध्ये फक्त खळं आणि एक पेरूचं झाड राहिलं. चाचणीचा कागद सोडला. घरातून काकींचा फोन आला की कागद आला, आणि त्यात पहिल्याच ओळीत चूक आहे. काका किती हसले होते त्या दिवशी.

एक काम उरलं. कॉम्प्युटरच्या यादीत दोन्ही प्रिंटर एकाच नावाने दिसत होते, कंपनी तीच, मॉडेल तेच. घरातल्याच्या पुढे फक्त 'कॉपी १' असं लागलं होतं. एकाला 'दुकान' आणि एकाला 'घर' अशी नावं द्यायची, मिनिटाचं काम. आणि दिवसभर प्रूफंच जास्त जाणार म्हणून मी घरातल्याला पहिला मान दिला होता, म्हणजे निवड न करता बटण दाबलं तर कागद घरात निघणार. हे काकांना नीट समजावून सांगायला हवं होतं. पण मला पुढे कट्टा गावी दुसऱ्या कामाला जायचं होतं. नावं पुढच्या खेपेला देते म्हटलं आणि बॅग उचलली.

काका मला सोडायला रस्त्यापर्यंत आले आणि तिथे, भरउन्हात, त्यांनी मला ते सांगितलं. पोट उघडलं आणि डॉक्टरांनी काही न करता परत शिवलं होतं. सात महिने, फार तर आठ.

"तिका अल्सर म्हणान सांगलंय," ते म्हणाले. "तूय तसांच बोल. कळला तर ती आजच मरात."

पुढे त्यांनी असा एक दिवस काढला नाही की ज्या दिवशी ते खोटं बोलले नाहीत. गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं ते ब्लेडने खरवडायचे. डॉक्टरांचा फोन आला की बोलायला रस्त्यावर जायचे. दिवाळीनंतर तुला माहेरी नेतो, असं कबूल करायचे. तिला कळू नये, एवढं एकच ध्येय त्या माणसाला उरलं होतं. साधा, चिडका, कागद वाचवणारा माणूस, खोटं बोलायची सवय नाही, घामाघूम व्हायचा.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. दुकानातलं मशीन बिघडलंय, कधी छापतं, कधी छापत नाही. मी गेले. काका हळू आवाजात म्हणाले की काकींचा भाऊ जितेंद्र मुंबईला असतो, त्याला रिपोर्टच्या फाईलबरोबर पत्र पाठवायचं होतं, सगळं खरं लिहिलेलं. तीनदा बटण दाबलं, तीनदाही कागद आला नाही. शेवटी हातानेच लिहून पाठवलं.

मी दिलेल्या कामांची यादी उघडली. तिन्ही वेळा काम 'कॉपी १'कडे गेलं होतं.

घरातलं मशीन बघून येते, असं सांगून मी खळं ओलांडलं. काकी उशीला टेकून कुठल्याशा जत्रेच्या पत्रकाचं प्रूफ वाचत होत्या. मी मशिनाचा ट्रे बघायला वाकले. त्यांनीच उशीखालून तीन कागद काढले. तिन्हींवर तेच पत्र. 'किशोरीला यातले काही सांगितलेले नाही. तुम्हीही सांगू नये.'

मी रडायला लागले. त्या नाही रडल्या. त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि दाराकडे एकदा बघून घेतलं.

"तेंका सांगू नको," त्या म्हणाल्या. "तेंका वाटता माका ठावक नाय. तसांच वाटांदे. माझ्यासमोर तेवढ्यासाठीच तर हसतत."

मी म्हटलं, निदान दोन्ही मशिनांना नावं तरी देऊन जाते, म्हणजे पुन्हा असं व्हायचं नाही. त्यांनी तेही नको म्हटलं. नावं दिसली की काकांच्या लगेच लक्षात येईल, ती तीन पत्रं कुठे गेली ते. मला ते पटलं. दुकानात येऊन मी नावं न बदलता फक्त पहिला मान दुकानातल्या मशिनाला दिला आणि काकांना सांगितलं की कामांची रांग अडकली होती, मोकळी केली, आता प्रूफ पाठवायचं असेल तेव्हा यादीतलं दुसरं निवडा. चुकीचं निदान सांगून मी आजवर कुणाला फसवलं नव्हतं. काकांनी माझे आभार मानले.

मी बरोबर केलं का? अजून मला कळत नाही. त्यानंतर मी तीन-चारदा तिथे गेले, आणि दर वेळी मला त्या घरात बसवेना. काकी म्हणायच्या, दिवाळीनंतर माहेरी जाऊ हां. काका म्हणायचे, तर काय, जाऊ की. दोघंही एकमेकांकडे बघायचे नाहीत, माझ्याकडे बघून बोलायचे. मला दोघांवर ओरडावंसं वाटायचं. पण मी चहा पिऊन निघून यायचे.

काकींनी शेवटच्या पंधरा दिवसांपर्यंत प्रूफं वाचली. लाल पेन्सिलीच्या खुणा फिकट होत गेल्या, चूक मात्र एक सुटली नाही. दिवाळी झाली आणि तुळशीच्या लग्नाआधी त्या गेल्या.

पाचव्या दिवशी काकांचा फोन आला. एवढंच म्हणाले, ये. मी पोचले तेव्हा दुकानाची फळी अर्धीच उघडी होती. जितेंद्रमामा घरात भटजींशी बोलत होते आणि काका दुकानात कॉम्प्युटरसमोर बसले होते, अंगावर पंचा, दाढी वाढलेली. त्यांनी टेबलावर तीन कागद मांडून ठेवले होते. मी लांबूनच ओळखले.

काय झालं ते त्यांनी सांगितलं. आदल्या दिवशी काकींच्या उत्तरकार्याची पत्रिका त्यांनी स्वतः टाइप केली. दुसऱ्या कुणाला ते देणार नव्हते. बटण दाबलं. दुकानातल्या मशिनातून काही आलं नाही. पुन्हा दाबायला गेले. मग त्यांच्या लक्षात आलं की पत्रिका म्हणजे प्रूफ आणि प्रूफ म्हणजे यादीतलं दुसरं, सवयीने बोट तिकडेच गेलं होतं. ते उठून घरात गेले. खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. शेजारी प्रिंटर, आणि त्याच्या ट्रेमध्ये पत्रिका पडलेली. ती उचलायला वाकले आणि तसेच थांबले. वैशाखातली ती तीन पत्रं त्यांना आठवली.

त्यांनी काकींची पाठकोऱ्यांची क्लिप काढली आणि एक-एक कागद उलटा करून पाहिला. मला ज्या बाजूची गरज नाही म्हणाले होते, त्या बाजूने.

पहिल्या पत्राच्या पाठीवर काकींनी स्वयंपाक लिहून ठेवला होता. पेजेला तांदूळ किती, सोलकढीला आमसुलं किती, रक्तदाबाची गोळी जेवणाआधी. दुसऱ्याच्या पाठीवर घर होतं. लाईटबिल कुठल्या डब्यात, सातबारा कुठे, गणपतीची समई कुठल्या फडक्यात बांधलीय, आणि नवा सदरा कपाटात आहे तो घालावा, जपून ठेवू नये. तिसऱ्याची पाठ कोरीच होती.

"तिका कधी कळलां?" काकांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. वैशाखातला तो दिवस, उशीखालचे कागद, रांग अडकल्याचं माझं खोटं. त्यांनी रागवावं अशी माझी इच्छा होती. त्यांनी फक्त तिसरा कागद पुन्हा एकदा उलटून पाहिला, कुठे काही लिहिलेलं सुटलं नाही ना, ते.

"ती घाबरात म्हणान मी बोललंय नाय," ते म्हणाले. "आणि मी घाबरान म्हणान ती. सात म्हयने एकाच घरात दोगांय, आणि दोगांय एकटी."

मग ते रडले. तोंडाला पंचा लावून, बाहेर आवाज जाऊ नये अशा बेताने. सात महिन्यांची सवय लागली होती ना. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले आणि मलाही काही आवरेना.

बऱ्याच वेळाने त्यांनी पत्रिकेचा कागद माझ्यासमोर सरकवला आणि वाचून द्यायला सांगितलं, आता दुसरं कोण आहे म्हणाले. मी वाचला. नाव बरोबर, तिथी बरोबर, पत्ता बरोबर. चौथ्या ओळीवर मी थांबले. 'आमची किशोरी हिचे अल्पशा आजाराने निधन झाले.' मी त्या शब्दावर फक्त बोट ठेवलं.

काकांनी बोटाकडे पाहिलं. खणातून काकींची लाल पेन्सिल काढली, 'अल्पशा'वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'सात महिन्यांच्या'. कॉम्प्युटरवर शब्द बदलला. मी म्हटलं, काका, आता नावं देऊ का दोन्ही मशिनांना? त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. यादी उघडली आणि माझ्यादेखत, अजिबात न चुकता, दुसरं नाव निवडलं.

खळ्यापलीकडून, काकींच्या खिडकीतून, मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. कागद निघाला असावा. आम्ही दोघंही जागचे उठलो नाही.